मंदाची वाटी आणि माझी दाढ

"काय काम करता तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दातांचे डॉक्टर असंच विचारतात. तुमचं तोंड आ वासलेलं असतं, डावा जबडा बधिर, ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी आणून चिकटवल्यासारखा. नेमकी तेव्हाच त्यांना तुमच्या पोटापाण्याची चौकशी सुचते.

"ओआर," मी म्हणालो.

"सोनार? मग चिमटा-पक्कड तुम्हाला काही नवीन नाही."

एवढं म्हणेपर्यंत त्यांनी पक्कड आत घातली, दोनदा डावी-उजवी हलवली आणि माझी दाढ ट्रेमध्ये टण्णकन पडली. दोन मुळांची, किडून मधोमध पोखरलेली. दोन ग्रॅम भरेल, मी मनात म्हटलं. सवय.

मग त्यांनी कापसाचा बोळा जागेवर ठेवला, वर माझाच जबडा दाबला आणि बोळ्याइतक्याच घट्ट आवाजात सूचना दिल्या. पाऊण तास बोळा काढायचा नाही. आज चूळ भरायची नाही. थुंकायचं नाही, आलं तर गिळायचं. गरम नाही, तिखट नाही, तंबाखू नाही. नळीनं काही ओढून प्यायचं नाही.

"नळीनं का नाही, ते समजून घ्या," त्या म्हणाल्या. "खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. तिच्याखाली सगळं भरून येतं. तुम्ही ओढलंत की ती निघते आणि खालचं हाड उघडं पडतं. मग जो ठणका लागतो, त्यापुढे आजची दाढ म्हणजे काहीच नाही. कळलं?"

मी मान हलवली. कळलं होतं. माझ्या पद्धतीनं.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. सोमवार होता. लग्न रविवारी होतं.

लग्न कुणाचं, ते सांगतो. माझ्या थोरल्या भावाची मुलगी मंदा. भाऊ बन्सीधर, मी मुरलीधर. वडिलांनी दोघांची नावं बासरीवरून ठेवली आणि हातात दिल्या फुंकण्या. फुंकणी म्हणजे वीतभर लांबीची, टोकाला बाक दिलेली पितळी नळी. दिव्याच्या ज्योतीवर तिच्यातून फुंकायचं, की ज्योत सुईसारखी बारीक होऊन नेमकी जोडावर जाते आणि जोड झाळला, म्हणजे सांधला, जातो. गॅस तेव्हा आमच्या गल्लीत आला नव्हता. सगळा दागिना सोनाराच्या गालांवर उभा राहायचा.

आमच्या घरात एक रीत होती. मुलीच्या मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक सासरची आणि एक माहेरची. माहेरची वाटी बापानं स्वतःच्या हातानं करायची. विकत आणायची नाही, कारागिराकडून करून घ्यायची नाही. आत्याची आजोबांनी केली, बहिणीची वडिलांनी. सोनाराच्या मुलीच्या गळ्यात दुसऱ्याच्या हातची वाटी म्हणजे आमच्यात मोठी नामुष्की.

आणि दादाला बारीक दिसत नव्हतं.

चष्म्यानं जाणारं नव्हतं ते. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याच्या पडद्याचं आहे, आहे तेवढं सांभाळा. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. मी बोललो. चार वर्षांपूर्वी, भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर. बाई नथ दुरुस्तीला घेऊन आली होती, दादा ती डोळ्यांजवळ नेऊन बघत होता, आणि मी आपलं सहज म्हणून गेलो, "दादाला आता बारीक दिसत नाही, इकडं द्या."

वाईट हेतू नव्हता. खरंच होतं ते. खरं होतं म्हणूनच जास्त लागलं असणार.

दादानं नथ माझ्या हातात दिली. संध्याकाळी सुतार बोलावून दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली. तेव्हापासून त्याच्या बाजूला चांदीची जाड कामं, जोडवी, वाळे, कडी. माझ्या बाजूला सोनं. आणि आम्हा दोघांत अबोला. बायकांचं बोलणं होतं, जेवणखाण होतं, सणवार होते. फक्त आम्ही दोघं एका पंगतीत बसलो तरी एकमेकांकडे न बघता जेवायचो.

*

लग्नाच्या आधी पंधरा दिवस वहिनी मागच्या दारानं शालनकडे आली. शालन माझी बायको.

"भावजींना सांग, एक वाटी करून ठेवा म्हणावं. यांच्या हातून होईल असं मला वाटत नाही. तीनदा सोनं वितळलं."

"मोठ्या भाऊजींना कळलं तर?"

"कळू द्यायचंच नाही. त्यांची झाली तर त्यांची घालू. नाहीच झाली, तर ऐन वेळी तुमची त्यांच्या डबीत ठेवीन. त्यांना कुठं दिसतंय बारीक."

हे म्हणून झाल्यावर वहिनी रडली, असं शालननं मला सांगितलं. आणि वहिनीनं दिलेलं, पदराच्या गाठीतलं सोनं तिनं माझ्या हातावर ठेवलं.

तीनदा वितळलं हे मलाही माहीत होतं. फळ्यांच्या भिंतीला आवाज अडत नाही. दादाचा श्वास मी शंभर माणसांत ओळखीन. लांब, सरळ, कुठंही न तुटणारा. लहानपणी आम्ही पैज लावायचो. मी तीनदा दम घ्यायचो तेवढ्यात याचा एक चालायचा. सोनं झाळताना सगळा खेळ एका क्षणाचा. जोडातली झाळ, म्हणजे सांधण्यासाठी टाकलेला धातू, पाण्यासारखी चमकून धावते, त्याच क्षणी फुंक तोडायची. त्यापुढे एक श्वास गेला की वाटीच वितळून बसते. मी माझ्या बाजूला हातातलं काम थांबवून ऐकायचो. फुंक सुरू व्हायची. चालायची. चालायची. आता, मी मनात म्हणायचो, आता तोड. ती चालूच राहायची. मग एकदम थांबायची. मग बराच वेळ काही नाही. मग गोळा सोनं वितळवायच्या मुशीत पडल्याचा टप्प असा आवाज.

म्हणून मी माझी वाटी करायला घेतली. पत्रा ठोकला, वाटीला आकार दिला, वरची कडी वळली, काठाची बारीक तार बसवली. फक्त जोड झाळायचा राहिला, आणि दाढेनं डोकं वर काढलं.

*

आता माझी हुशारी ऐका.

मंगळवारी दुपारी सूज उतरली होती. दुखत नव्हतं. आरशात बघितलं तर खड्ड्यात काळपट लाल गुठळी छान बसलेली. मी कामाला बसलो.

"अहो, काय करताय?" शालन दारात उभी.

"वाटी झाळतोय."

"डॉक्टरीणबाईंनी नळी लावायची नाही म्हणून सांगितलंय ना?"

"नळीनं ओढायचं नाही म्हणाल्या. मी कुठं ओढतोय? मी फुंकतोय. ओढल्यानं गुठळी बाहेर येते, तर फुंकल्यानं ती उलट आणखी घट्ट बसायला पाहिजे."

शालननं माझ्याकडे असं बघितलं, जसं खोटं सोनं आणणाऱ्या माणसाकडे मी बघतो.

"एवढी अक्कल होती तर दाढ किडलीच कशी?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी ज्योत मोठी केली, फुंकणी ओठांत धरली, गाल भरले. पहिल्या फुंकेला काही नाही. दुसऱ्या फुंकेला तोंडात काहीतरी सुटल्यासारखं झालं. तिसऱ्या फुंकेला फुंकणीच्या टोकातून ज्योतीवर लाल थेंब उडाला आणि चर्र झालं.

भीती कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. रक्ताची नाही. अर्धा पेला भरेल एवढं रक्त आलं तरी मी बघत होतो वाटीकडे. ती काळी पडली होती, पण शाबूत होती.

*

"काय केलंत?"

मी खिशातलं पेन काढून तोंडाजवळ धरलं आणि फुंकून दाखवायला गेलो.

"नको! नका दाखवू! कळलं!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट उठून दारात आले. "अहो उदावंत, ओढणं काय आणि फुंकणं काय, तोंडातला जोर तोच ना? तुम्ही सोनार आहात की फुगेवाले?"

त्यांनी धुतलं, औषधाची पट्टी भरली, दोन टाके घातले, नवा बोळा दाबला.

"हाड उघडं पडलं नाही, नशीब समजा. आता नीट ऐका. फुंकणं आठवडाभर बंद. आणि दोन दिवस बोलायचंसुद्धा नाही. एक शब्द नाही. शनिवारी दाखवायला या."

मी त्यांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे, त्यांनी तो माझ्या केसपेपरला टाचला होता आणि पुढं परत दिला.

लग्न रविवारी. काम शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

खाली त्यांचं अक्षर.

मग दुसऱ्याला फुंकायला सांगा.

*

आमच्या गल्लीत तेव्हा माझ्याशिवाय फुंकणारे चौघं होते. तिघं परके, म्हणजे रीत मोडणार. चौथा फळ्यांच्या पलीकडे.

बुधवार. मी तोंड मिटून बसलो. शालननं गार दूध दिलं, गार वरणाचं पाणी दिलं, मऊ भात पुरणासारखा वाटून दिला. मला बोलता येत नाही याचा तिला फार आनंद झाला होता. लग्न झाल्यापासून जे जे सांगायचं राहिलं होतं ते तिनं त्या एका दिवसात सांगून घेतलं.

पलीकडे दादाची फुंक पुन्हा सुरू झाली. चालली. चालली. टप्प.

चौथी.

मी डोळे मिटून घेतले. शुक्रवारी संध्याकाळी वाटी पटवेकऱ्याकडे ओवायला द्यायची होती. दादाच्या हातानं होत नव्हती, माझ्या तोंडानं होत नव्हती.

*

गुरुवार, दुपारचे तीन. फळ्यांच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूनं जाण्यायेण्यापुरती फट होती. तिच्यातून दादा माझ्या बाजूला आला.

चार वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या बोलण्यात माझी वाक्यं नाहीत. जिथं असायला हवी होती तिथं मी जागा सोडली आहे.

"बसू का?"

—

"बसतो. दाढ काढली म्हणे."

—

"खालची? मला वरची काढावी लागली होती. तुला काय माहीत, तेव्हा आपलं बोलणं नव्हतं."

—

"बघू नको असा. तुला बोलायचं नाही हे शालननं सांगितलंय, म्हणून तर आलो. तू काहीतरी बोलतोस आणि मग मला राग येतो. आज ती भीती नाही."

मी हसायला गेलो. टाके ओढले गेले. हात गालावर गेला.

"हसू पण नको, गाढवा."

मग तो माझ्या दिव्याजवळ सरकला. मूठ झाकलेली होती. ती त्यानं माझ्यासमोर उघडली. तळहातावर वाटी. पाचवी. ठोकलेली सुंदर होती, वाटोळी, एकसारखी. ते काम बोटांचं होतं, डोळ्यांचं नव्हतं. कडी आणि तार जागेवर धरून ठेवलेली. झाळायची बाकी.

"तुझी पण तयार आहे, मला माहितीय."

—

"हातोडीचा आवाज ऐकू येतो रे. कान नाही गेले माझे. पंधरा दिवस ऐकतोय. तुझ्या वहिनीला वाटतं, मला काही कळत नाही. मंगळवारी तुझी फुंक तिसऱ्यांदा तुटली, आणि नंतर शालनची पळापळ. तेव्हाच समजलो."

—

"काढ तुझी."

मी ड्रॉवरमधून काढली. त्यानं ती बोटांनी चाचपली. काठ, तार, कडी. अंगठा फिरवून फिरवून.

"चांगली आहे. माझ्यापेक्षा बरी आहे." त्यानं ती खाली ठेवली. "पण ही नको. माझी करायची. मी फुंकतो, तू धर. मला झाळ धावलेली दिसत नाही, मुरल्या. चमकतं सगळंच. कुठं थांबायचं ते दिसत नाही. तू सांग."

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"तोंडानं कोण सांग म्हणतंय?" त्यानं माझा डावा हात धरला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

*

दादानं फुंकणी ओठांत धरली. आता दोघांचीही तोंडं बंद.

माझ्या उजव्या हातात चिमटा. चिमट्यात वाटी. कोळशावर टेकवली.

जोडावर टाकणखार, झाळेचा बारीक तुकडा, तिळाएवढा.

दादाच्या गुडघ्यावर एकदा बोट आपटलं.

फुंक.

ज्योत वाकली, लांब झाली, निळी झाली. तोच श्वास. कुठंही न तुटणारा. वाटीचा काठ काळा, मग तांबूस. टाकणखार फुलला, बसला.

दोन बोटं. जोर कर.

जोर.

तांबूस, लाल. तिळावर नजर. तीळ हलला नाही. माझ्या खड्ड्यात ठणका सुरू झाला, कारण मी नकळत दातांवर दात दाबले होते.

लाल. अजून लाल.

तीळ गोल झाला.

माझा पंजा त्याच्या गुडघ्यावर उचललेला, हवेत.

अजून नाही.

अजून नाही.

चार वाट्या त्याच्या याच ठिकाणी गेल्या होत्या. तो थांबला नाही. माझा हात खाली येईपर्यंत तो थांबणार नव्हता, वाटी बसली तरी थांबणार नव्हता. एवढा भरवसा त्यानं माझ्या हातावर टाकला होता.

झाळ पाण्यासारखी चमकली आणि धावली.

थाप.

फुंक तुटली.

दिवा फडफडला. आम्ही दोघं वाटीकडे बघत होतो. म्हणजे मी बघत होतो.

"झाली?" दादानं विचारलं.

मी मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं की इतका वेळ ज्योतीकडे बघत बसलेल्या माणसाला आता मी हलवलेली मानही दिसत नसणार. चिमट्यानं वाटी पाण्यात बुडवली, चर्र झालं, ती पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

त्यानं कडीवरून अंगठा फिरवला. नखानं जोड खेचून बघितला. तारेवरून पूर्ण एक फेरी मारली. मग नाकानं एवढा मोठा श्वास सोडला की माझा दिवा विझला.

"आता दुसरी मुशीत टाकू," तो म्हणाला. "सोनं माझंच आहे ते."

आणि माझी पंधरा दिवसांची वाटी त्यानं, न विचारता, वितळवून टाकली. मला तेव्हा बोलता येत नव्हतं, ते बरं झालं.

*

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी टाके बघितले, बॅटरी मारली, बोटानं हिरडी दाबली.

"दुखतंय?"

"नाही."

"छान भरतंय. अगदी पुस्तकात असतं तसं. आता काहीही खा, उद्या लग्न आहे ना? लाडू खा, जिलबी खा. फक्त उजव्या बाजूनं. फुंकणं तेवढं मंगळवारनंतर."

जिना उतरून मी रस्त्यावरच उभा राहून मोठ्यांदा "हां" म्हणून बघितलं. आवाज जागेवर होता. सहा दिवस पाठीला बांधलेलं ओझं कुणीतरी सोडवून घेतल्यासारखं झालं. हलवायाच्या दुकानातून शेवेचा एक तुकडा उचलून खाल्ला. करकर वाजला. किती बरं वाटलं, काय सांगू.

पण दादाशी बोलणं झालं नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, तो मांडवात, मी पटवेकऱ्याकडे, तो स्टेशनवर, मी आचाऱ्याकडे. दोनदा समोरासमोर आलो. दोन्हीदा मी तोंड उघडलं आणि कुणीतरी त्याला हाक मारली. मनात वाक्य तयार होतं. त्या नथीबद्दलचं. चार वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. गुरुवारी मला बोलता येत नव्हतं म्हणून तो आला होता. आता मला येत होतं, तर काय? दोघं पुन्हा आपापल्या बाजूला जाणार? लग्न लागलं, मंगळसूत्र बांधलं, माहेरची वाटी मंदाच्या गळ्यात लकाकली, तरी ते वाक्य बोलायचं राहिलंच.

मग पंगत बसली.

आमच्याकडे मुलीचा बाप पंगतीतून फिरून आग्रह करतो. दादानं उपरणं सारखं केलं, जिलबीचं ताट घेतलेला वाढपी बरोबर घेतला आणि ओळीनं निघाला. "घ्या, एक तरी घ्या. लाजता काय, मामा? वाढ रे यांना दोन." आमचा अबोला सगळ्या नातेवाइकांना पाठ होता. माझ्या उजवीकडे बसलेले नाशिकचे मावसभाऊ जिलबीचा घास हातात धरून बघत होते, हा आता माझ्या पानावरून कसा जातो ते. डावीकडची पानंही थांबली होती.

दादा माझ्यासमोर आला. खाली वाकला, पान कुणाचं ते बघायला. वाढप्यानं जिलबी उचलली.

"थांब," दादा म्हणाला. "याला जिलबी नको."

वाढप्यानं त्याच्याकडे बघितलं.

"दाढ काढलीय त्याची. मठ्ठासुद्धा वाढू नको, आंबट असतो. मसालेभात उचल तो, तिखट आहे. आतून साधा वरणभात आण, मऊ कालवून आण." मग माझ्याकडे बोट करून त्यानं अख्ख्या पंगतीला सांगितलं, "एक नंबरचा मूर्ख माणूस आहे. जखम ओली असताना फुंकत बसला होता."

मावसभावानं जिलबी खाली ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी मला सगळं खायची परवानगी दिली होती. ते मी सांगितलं नाही. समोरची जिलबी केशरी होती, गरम होती, पाक टपकत होता. ती माझ्या डोळ्यांदेखत मावसभावाच्या पानात गेली.

वरणभात आला. वाटीभर, अगदी तान्ह्या मुलाला भरवतात तसा कालवलेला. दादा तिथंच उभा होता. पुढच्या पानाकडे जात नव्हता. माझं ते घासूनपुसून ठेवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. मी वर बघितलं. त्याला माझा चेहरा नीट दिसत नसणार, हे मला माहीत होतं. तो कान देऊन उभा होता.

"तूप नाही यावर," मी म्हणालो.

"अरे, तूप आणा इकडं!" दादा केवढ्यांदा ओरडला. "माझ्या भावाच्या पानात तूप नाही!"